भिगवणची पाखरं आणि शार्प फोटोची भानगड

शुक्रवार

भाच्यानं दिवाळीत २००-६०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली आणि तेव्हापासून त्याची एकच टकळी चालू आहे : लेन्स सॉफ्ट आहे, म्हणजे फोटो पुसट येतात. सर्व्हिस सेंटरला दाखवून आला, त्यांनी ‘काही दोष नाही’ म्हणून परत दिली. त्यावरही त्याचा विश्वास नाही. आता म्हणे विकून टाकतो आणि कर्ज काढून प्राइम, म्हणजे झूम न होणारी महागडी लेन्स घेतो. मी म्हटलं, आधी माझ्याबरोबर भिगवणला चल, मग काय विकायचं ते विक.

जानेवारीचा शेवट. हडपसर ओलांडण्यातच निम्मी दुपार गेली. यवत, चौफुला, पाटस करत भिगवण गाठलं आणि महामार्ग सोडून कुंभारगावकडे वळलो. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याखाली इथली गावं, मळे, रस्ते गेले. कागदोपत्री ह्या जलाशयाचं नाव यशवंतसागर, पण तसं कुणी म्हणत नाही. सगळ्यांच्या तोंडी उजनीच. धरण काठोकाठ असलं की रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, फारसे फिरकत नाहीत, कारण त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. शेतीला पाणी सुटू लागलं आणि काठ उघडे पडले की त्यांचे थवे दिसू लागतात. यंदा पाणी उतरायला उशीर झाला होता, पण थवा आलाय असं होडीवाल्या मामांनी फोनवर सांगितलं होतं.

चहा घेऊन चारच्या सुमाराला होडीत बसलो. मामा पूर्वी नुसती मासेमारी करायचे, आता हिवाळाभर फोटोवाल्यांना फिरवतात. इंजिन सुरू झालं तसा भाच्यानं लेन्सचा पाय होडीच्या कडेवर टेकवला आणि डोळा लावला. पाण्यात उभ्या वाळक्या बाभळीच्या खोडावर ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी बसला होता, पायाखाली अर्धवट खाल्लेला मासा. धडाधड वीस-पंचवीस फोटो. मी त्याला म्हटलं, बोटं कडेवर ठेवून बघ. लाकडातून झिणझिण्या येत होत्या. डिझेल इंजिनाची ती थरथर कडेतून लेन्सच्या पायात आणि पायातून सेन्सरपर्यंत सरळ जाते. डोळ्याला काही दिसत नाही, पण ६०० मिलिमीटरला पिसाची रेघ पुसायला तेवढी पुरते.

“मामा, इंजिन बंद करता का जरा?”

“करतो की. पण थांबा, आधी वाऱ्याकडनं घेतो.”

मामांनी लांबूनच वळसा घातला, इंजिन बंद केलं आणि बांबू टेकत होडी पुढे सरकवली. ऑस्प्रेनं एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा माशाला लागला. तीसेक मीटर. आता लेन्सचा पाय कडेवर नाही, भाच्याच्या मांडीवरच्या पिशवीत. ही पिशवी माझी : जुन्या जीन्सचा एक पाय कापून शिवलेला, तोंडाला चेन. घरून रिकामी आणायची आणि मुक्कामी भरायची. मुक्कामाच्या घरच्या काकूंनी दोन-अडीच किलो ज्वारी काढून दिली. माझ्या मते तांदळापेक्षा ज्वारी बरी. गोल दाणा लेन्सखाली घसरून नीट घळ करतो. जीपच्या दांडीवर, गाडीच्या काचेवर, जमिनीवर कुठंही चालते. होडीत मात्र ती कडेवर ठेवण्यात अर्थ नाही. मांडीवर ठेवायची, कोपरं पोटाशी घ्यायची. आपलं शरीरच बरेचसे हेलकावे खाऊन टाकतं.

मग त्याचं सेटिंग पाहिलं. शटर १/३२०, म्हणजे सेकंदाचा तीनशे विसावा भाग. का, तर आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ४०० च्या वर न्यायचा नाही, फोटोत दाणे येतात. फिल्मच्या काळातला नियम असा की लेन्स जेवढ्या मिलिमीटरची, निदान तेवढ्याव्या सेकंदाचं शटर हवं. म्हणजे ६०० ला १/६००. तो पक्क्या जमिनीवर उभ्या माणसासाठी. आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर तोही अपुरा पडतो आणि होडीत तर विचारूच नका. लेन्समधली स्थिरीकरणाची यंत्रणा आपला हात आणि होडीचे संथ हेलकावे सावरते, पण पाखराची मान फिरणं तिच्या हातात नाही. ते फक्त शटरच थांबवतं. १/१६०० ठेवायला लावलं, उजेड कमी मिळाला म्हणून आयएसओ २००० वर गेला. दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी निघतात. हललेला फोटो कुणाच्या बापाला सरळ करता येत नाही.

रात्री जेवणाआधी आणखी एक शंका काढून टाकली. लेन्सच्या तोंडावर दुकानदारानं ‘संरक्षणासाठी’ गळ्यात मारलेला यूव्ही फिल्टर होता, ९५ मिलिमीटरचा, स्वस्तातला. काकूंच्या पडवीत ट्यूबलाइटखाली कालनिर्णय टांगलेलं. समोरच्या टोकाला टेबल, टेबलावर ज्वारीची पिशवी, पिशवीवर लेन्स, दोन सेकंदांचा टायमर. फिल्टरसकट चार फोटो, फिल्टर काढून चार. तारखेचा मोठा आकडा दोन्हीत सारखाच. पण त्याखालची तिथी-नक्षत्राची बारीक अक्षरं फिल्टरसकट काढलेल्यात फेसाळ, कानामात्रा एकमेकांत मिसळलेले. फिल्टर काढल्यावर ‘चतुर्थी’तला रफार स्वच्छ. लांब लेन्सपुढं साधी काच ठेवली की हे होतं. संरक्षणाला हूड, म्हणजे लेन्सपुढचं नळकांडं, पुरतो, आणि तो प्लॅस्टिकचा असल्यामुळे धक्काही खातो. भाचा गप्प बसून फिल्टर कागदात गुंडाळत होता. चिलापीचं कालवण आणि भाकरी आली, तेव्हा कुठं बोलायला लागला.

शनिवार

पहाटे सहाला काठावर. पाण्यावरून वाफ उठत होती, स्वेटरमधूनही थंडी लागत होती. कॅमेरे मी रात्री मुद्दाम गाडीतच ठेवले होते. उबदार खोलीतून लेन्स एकदम गार हवेत आणली की नळीत आणि हुडात ऊब कोंडून राहते, आणि त्या हवेतून पाहिलेलं काही काळ नीट दिसत नाही. लेन्स बाहेरच्या हवेइतकी गार होईपर्यंत थांबावं लागतं.

सात वाजून गेल्यावर सूर्य वर आला आणि लांब गुलाबी रेघ दिसली. रोहित. दीडशे मीटर तरी असतील. भाच्यानं ६०० वर ओढून फोटो काढायला सुरुवात केली. मी कॅमेरा मांडीवरच ठेवला. त्याचं म्हणणं, पहाटे झळा नसतात, गार आहे, मग काय अडचण? अडचण अशी की पहाटेची हवा गार असली तरी पाणी रात्रभर तेवढं निवत नाही. ऊबदार पाण्यालगतची हवा तापून वर सरकते, गार हवा खाली येते, आणि ह्या सरमिसळीत प्रकाशाची वाट सारखी वाकडी होत राहते. दुपारी डांबरी रस्त्यावर दिसतं तेच, फक्त इतकं मंद की साध्या डोळ्याला कळत नाही. दीडशे मीटर तसल्या हवेतून पाहायचं, वर १२ पट मोठं करून. त्यापुढं कुठलीही लेन्स हात टेकते.

मामांना हे कुणी सांगावं लागत नाही. “लांबनं काय गावत न्हाई ताई. पानी हलतंय न् हवाबी हलतीय. जवळ जाऊ, पर माझ्या मनानं जाऊ.”

त्यांच्या मनानं जाणं म्हणजे काय, हे ह्या फेरीत नीट पाहून घेतलं. थव्याकडं सरळ जायचंच नाही. तिरकं, जणू आपल्याला पलीकडं कुठंतरी जायचंय. बांबू पाण्यात टेकवताना आवाज नाही, वर काढताना थेंब होडीतच निथळू द्यायचे. रोहित चरताना डोकं उलटं करून चोच चिखलात फिरवत असतात. त्यातल्या एक-दोघांनी मान वर काढली की मामा थांबतात. होडी तशीच हलत राहू देतात, तंबाखू मळतात. माना खाली गेल्या की पुन्हा दोन हात पुढं. सगळ्या माना एकदम वर आल्या आणि थवा एका दिशेनं चालू लागला, तर मागं घ्यायचं. पुढची पायरी उड्डाण. रोहिताला उडायला पाण्यावर धावत जावं लागतं, त्यात जीव खर्ची पडतो, आणि एकदा उठलेला थवा त्या बाजूला पुन्हा लवकर उतरत नाही.

पाऊण तासानं आम्ही चाळीस मीटरवर होतो. भाच्यानं लेन्स ६०० वरून ४५० वर आणली, कारण पाखरू चौकटीत मावेना. आता डोळ्याचं पिवळं कडं दिसत होतं, चोचीच्या वाकणावरून ओघळणारा चिखल दिसत होता. लेन्स कालचीच, हवा पहाटेचीच. फक्त मधली हवा शंभर मीटरनं कमी झाली होती. “मावशी, ही तीच लेन्स आहे?” म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात पलीकडून दुसरी होडी आली. इंजिन चालू, सरळ थव्यावर. चौघे उभे राहून ‘फ्लाइट शॉट, फ्लाइट शॉट’ ओरडत होते. थवा उठला. काळ्या-गुलाबी पंखांचा तो देखावा सुंदर असतो, नाही म्हणत नाही. पण असा उठवलेला थवा म्हणजे सगळी पाखरं पाठमोरी. त्या चौघांना शेपट्या मिळाल्या असतील. मामांनी तिकडं पाहून पाण्यात एक पिंक टाकली, एवढंच. पुढं दुसऱ्या होडीतली मंडळी कुरवांना (सीगल) फरसाण टाकत होती, म्हणजे ते जवळ येतात आणि फोटो मोठा येतो. कुरव येतातही. तळलेली शेव खाणारा कुरव शार्प आला काय आणि न आला काय, मला त्या फोटोत काही पाहावंसं वाटत नाही.

उथळात लांब पायांचे शेकाटे चरत होते. एक इतका जवळ आला की आठ मीटरही नसेल. आता उलटी गंमत. लांबच्या पाखराला हवा नडते, जवळच्याला खोली, म्हणजे पुढून मागं जेवढं एकावेळी शार्प येतं तेवढा पट्टा. ६०० मिलिमीटर, एफ/६.३, आठ मीटर : शार्प पट्टा साधारण ६-७ सेंटिमीटरचा. शेकाट्याची चोचच जवळजवळ तेवढी. तो आपल्याकडं तोंड करून उभा असेल तर डोळा धरला की चोचीचं टोक गेलं, आणि चोच धरली की पाखरू मेलं. डोळाच धरायचा. पण थोडं थांबलं की तो आडवा होतो आणि चोच, डोळा, पंख एकाच पट्ट्यात येतात. एफ/९ वगैरे करून, म्हणजे लेन्सचं भोक लहान करून, पट्टा वाढवत बसण्यापेक्षा ते बरं. आम्ही थांबलो, तो आडवा झाला.

नदी सुरयांनी मात्र भाच्याची खोड मोडली. सुरय वरून पाण्यात सूर मारतो तेव्हा १/३२०० सुद्धा कमी वाटतं. फोकस एकदा सुटला की लेन्स जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत फेरफटका मारून येते, तोवर सुरय मासा घेऊन पसार. लेन्सच्या अंगावर अंतराची मर्यादा घालायचं बटण असतं, त्याला त्यानं दिवाळीपासून हात लावला नव्हता. ते ‘लांबचं’वर सरकवल्यावर निम्मे फोटो जागेवर आले. पण त्यांत एक चमत्कार : पंख केळीच्या पानासारखे वाकडे. कारण त्याचं मूक शटर. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी वरून खाली एकामागून एक वाचतं. सेन्सर हळू वाचणारा असेल तर शेवटची ओळ वाचेपर्यंत पंख दुसरीकडं गेलेला असतो. आवाजाचं शटर लावलं, पंख सरळ झाले. सुरयांना त्या टकटकीचं काही नव्हतं.

दहानंतर काही उरत नाही, काठ नुसता थरथरायला लागतो. परत येऊन न्याहारी केली, अंगणात खाटेवर लॅपटॉप उघडला आणि जेवणापर्यंत दुसरं काही केलं नाही. माझ्या मते खरी शिकवणी इथंच. शंभर टक्के मोठं करून न आलेला फोटो बघायचा आणि तो का आला नाही हे त्यालाच विचारायचं. भाच्याला ‘सॉफ्ट’ हा एकच आजार ठाऊक होता. प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचं लक्षण निराळं.

ऑस्प्रेचे कालचे पहिले फोटो : पाखरू पुसट, खोडावरची साल पुसट, पाण्यावरच्या चमकत्या ठिपक्यांच्या सगळ्या एकाच दिशेला बारीक रेघा. सगळंच एका दिशेला ओढलेलं असलं की कॅमेरा हलला. दुसऱ्या एका फोटोत खोडाची साल लख्ख आणि फक्त डोकं पुसट. म्हणजे कॅमेरा स्थिर, पाखरानं मान फिरवली, शटर कमी पडलं. शेकाट्याच्या एका फोटोत त्याच्या मागचं गवत कोरल्यासारखं आणि तो मऊ. तिथं फोकस मागं बसला. पहाटेचे रोहित सगळ्यांत फसवे. एकापाठोपाठ घेतलेल्या बारा फोटोंत पाखरू जागचं हललेलं नाही, तरी एकात पाय सरळ, पुढच्यात गुडघ्याशी वाकडा, तिसऱ्यात मानेला दुहेरी कड. प्रत्येक फोटो वेगळ्या तऱ्हेनं बिघडलेला. ही हवा. ह्याला शटर, स्थिरीकरण, महागडी प्राइम, कशाचाही उतारा नाही. फार तर बारातला एखादा योगायोगानं बरा निघतो, म्हणून अशा वेळी जास्त फोटो काढायचे.

मग त्यानं शेवटचा मुद्दा काढला : एआयवालं सॉफ्टवेअर शार्प करून देतं. देतं खरं. त्यानं एका पुसट रोहितावर चालवून दाखवलं. मानेवर पिसांच्या सुबक रेघा उमटल्या, पण चाळीस मीटरवरच्या खऱ्या फोटोत तिथं तसल्या रेघा नाहीतच. दाणे काढायला ते मीही वापरते. पाखराला नवी पिसं लावायला नाही.

संध्याकाळी पट्टकादंब. हिमालय ओलांडून आलेले हे हंस काठालगतच्या रानात चरायला जातात. थवा डोक्यावरून गेला, १/२५००, कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवत ठेवला, आले. माझ्या निकॉन डी ५०० वरची ३००ची छोटी लेन्स ७५५ ग्रॅमची. भाचा दोन किलोंच्या वरचं धूड उचलून दमला आणि त्याचे शेवटचे फोटो दमलेल्या हाताचे आले. वजन हेही शार्पनेसचंच प्रकरण आहे, पण ते दुकानात कुणी सांगत नाही.

रविवार

आज पाणी नाही, माळ. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला वनखात्याची गवताळ प्रदेशाची सफारी आहे. नोंदणी केलेली, वाटाड्या बरोबर. बाहेरून पाहणाऱ्याला हे पडीक रान वाटतं. इथं चिंकारा, खोकड (लहान कोल्हा), लांडगा, तरस, धाविक, चंडोल सगळं आहे.

उजाडताना बिळाशी खोकड दिसलं. गाडी थांबली, इंजिन बंद. इंजिन बंद झालं म्हणजे गाडी स्थिर झाली असं नाही. मागच्यानं बूड हलवलं की स्प्रिंग हलतात, सगळी गाडी डुलते. मी वाटाड्याला आणि चालकाला विनंती केली की मिनिटभर कुणी हलू नका, श्वासही बेतानं घ्या. दोघं हसले, पण बसले पुतळ्यासारखे. पिशवी काचेच्या चौकटीवर, लेन्स तिच्यात दाबून बसवलेली.

अंतर पंधरा मीटर. कॅमेऱ्याचा डोळा ओळखणारा फोकस सारखा पुढच्या गवताच्या काडीला चिकटत होता. काडीला डोळा नसतो हे त्याला कोण सांगणार. भाच्यानं तो बंद करून फोकसचा सगळ्यांत लहान चौकोन निवडला आणि दोन काड्यांमधल्या फटीतून खोकडाच्या डोळ्यावर ठेवला. त्यानं हे न सांगता केलं, म्हणून मी काही बोलले नाही. खोकडानं जांभई दिली, कान एक-एक करून फिरवले आणि तोंड आमच्याकडं करून बसलं. कानाच्या कडेची काळी लव, नाकावरची धूळ, बाहुलीची उभी फट. पट्टा २०-२५ सेंटिमीटरचा, म्हणजे तोंड सगळं शार्प आणि शेपूट मागच्या पिवळ्यात विरघळलेलं.

नऊच्या पुढं माळ तापला. चिंकाऱ्यांचा कळप दीडशे मीटरवर होता, पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात असल्यासारखे दिसत होते. वाटाड्या म्हणाला, वाटेवरून थोडं पुढं जाता येईल, पण पिल्लं आहेत, पळतील. भाच्यानं लेन्स २०० वर आणून माळ, आभाळ आणि त्यात ठिपक्याएवढे चिंकारे असा फोटो काढला आणि झाकण लावलं. टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे लावायची मोठं करणारी भिंगाची जोड, घ्यायचा बेत त्यानं आठवडाभर मनात घोळवला होता. तो १.४ पटवाला एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड खातो, म्हणजे एफ/६.३ चा एफ/९ होतो, आणि वर ह्या झळाही तेवढ्याच मोठ्या करून दाखवतो. त्याचा विषय परतीच्या वाटेवर निघाला नाही.

सामान घ्यायला कुंभारगावला गेलो तेव्हा मामा जाळं दुरुस्त करत बसले होते. भाच्यानंच विचारलं, पुन्हा कधी येऊ?

“फेब्रुवारी सरता सरता या. पानी आजून उतरंल, चिखल उघडा पडंल, मग पाखरू आपणच जवळ येतंय. मधल्या वारी या पर. शनवार-आयतवार नको, होड्यांची जत्रा असती.”

भाच्यानं मोबाइलमध्ये तारखा बघितल्या. गुरुवारची सुट्टी मिळते का, ते उद्या साहेबाला विचारतो म्हणाला.